मंडळाचे संकेतस्थळ : ओसरी आणि माजघर

(मंडळाच्या कवठे येमाई येथील वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मंडळाने यंदा स्वतःचे संकेतस्थळ काढण्याचे योजिले असून, त्या विषयावर चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणिसांनी मला केली आहे. विषय नवा आणि वक्ता जुना, असा हा योग आहे. मॅट्रिक होऊन मी शिक्षकाचा पेशा पत्करला आणि त्यानंतरचे माझे सारे आयुष्य खडू व फळा यांच्या संगतीत गेले. यंत्रविद्येचा अधिकार माझ्यापाशी नाही. परंतु माझ्या हाताखालून गेलेला एक विद्यार्थी आज पुण्यात संकेतस्थळे बांधण्याचा व्यवसाय करतो. त्याच्यापाशी बसून गेले काही महिने मी या विषयाचे पाठ घेतले. गुरूने शिष्याचा शिष्य व्हावे यात मला कमीपणा वाटला नाही; उलट शिक्षकाला याहून मोठी गुरुदक्षिणा कोणती असणार? त्याने जे सांगितले आणि मला जे पटले, ते आपल्या घरच्या भाषेत आपणांपुढे ठेवतो.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. स्वित्झर्लंडमध्ये जिनीव्हा शहराजवळ सर्न नावाची एक मोठी विज्ञानसंस्था आहे. तेथे काम करणारे टिम बर्नर्स-ली या इंग्रज संशोधकांनी १९८९ साली एक योजना मांडली. निरनिराळ्या संगणकांवर विखुरलेले कागद एकमेकांना धाग्यांनी जोडावेत आणि कोणीही कोठूनही ते वाचावेत, अशी ती कल्पना होती. १९९१ साली ती सर्वांसाठी खुली झाली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने जाहीर केले की, ही विद्या कोणीही विनामूल्य वापरावी. या एका औदार्यामुळे आज जगातील श्रीमंत पेढीला आणि शिरूर तालुक्यातील एखाद्या लहानशा मंडळाला एकाच रस्त्यावर घर बांधता येते. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने ही सेवा सामान्य नागरिकांना खुली केली. २०१६ नंतर मोबाइलवरील ही सेवा स्वस्त झाली आणि ती घोडनदीच्या पेठेतून वाड्यावस्त्यांवर येऊन पोहोचली.

संकेतस्थळ म्हणजे एक घरच होय. घराला तीन गोष्टी लागतात : पत्ता, जागा आणि बांधकाम. पत्ता म्हणजे संकेतस्थळाचे नाव. ते दरवर्षी किंवा काही वर्षांकरिता पैसे भरून नोंदवावे लागते, आणि मुदत संपल्यावर नूतनीकरण न केल्यास दुसरा कोणीही ते घेऊ शकतो. २०१४ पासून हे नाव देवनागरी लिपीत, शेवटी ‘.भारत’ असे लिहूनही नोंदविता येते. जागा म्हणजे ज्या संगणकावर आपली पाने ठेवावयाची, त्या संगणकाचे भाडे. आणि बांधकाम म्हणजे प्रत्यक्ष पाने. बांधकामासाठी हल्ली फार खर्च करावा लागत नाही. वर्डप्रेस नावाचे एक साधन २००३ पासून विनामूल्य उपलब्ध आहे आणि जगातील पाच संकेतस्थळांपैकी सुमारे दोन त्यावर उभी आहेत. मात्र गवती छप्पर दरवर्षी शाकारावे लागते, तशी या साधनाचीही नवी आवृत्ती आली की ती बसवावी लागते. जो ती बसवीत नाही, त्याच्या घरात चोर त्याच जुन्या भगदाडातून शिरतो.

माझ्या विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी मला एक गोष्ट बजावली. पत्ता आणि जागा या दोन्ही मंडळाच्या नावाने, मंडळाच्या टपालपत्त्यावर आणि मंडळाच्या पैशाने घेतल्या पाहिजेत. उत्साही कार्यकर्ता स्वतःच्या नावाने नोंदणी करतो, पुढे तो नोकरीनिमित्त दूर जातो किंवा कार्यकारी मंडळ बदलते, आणि मग चाव्या कोणाकडे आहेत हेच कोणाला ठाऊक नसते. आपण मंडळाची रोख आणि बँकेचे पुस्तक जसे एका माणसाच्या खिशात ठेवीत नाही, तसेच येथेही वागावे.

कोणी म्हणेल, इतका खटाटोप कशासाठी? एखाद्या मोठ्या कंपनीच्या फुकट जागेवर मंडळाचे पान काढले म्हणजे झाले. त्यास इतिहासाचे उत्तर ऐका. जिओसिटीज नावाच्या जागेवर जगभरच्या लक्षावधी लोकांनी हौसेने आपली पाने बांधली होती. ऑक्टोबर २००९ मध्ये मालक कंपनीने ती सेवा अमेरिकेत बंद केली. ऑर्कुट तर आपल्या मुलामुलींच्या ओळखीचे. तेथे कित्येक मराठी घरांनी फोटो आणि आठवणी साठविल्या. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. गूगल प्लसही एप्रिल २०१९ मध्ये मिटले. फुकटच्या जागेत निमंत्रणपत्रिका अवश्य लावावी, परंतु दप्तर तेथे ठेवू नये. दप्तर आपल्या स्वतःच्या घरी असावे.

आता लिपीकडे वळू. शिक्षक असल्यामुळे हा विषय माझ्या विशेष जिव्हाळ्याचा आहे. आपल्या मंडळाच्या गेल्या कित्येक वर्षांच्या स्मरणिका पुण्याच्या छापखान्यात संगणकावर जुळविल्या गेल्या. त्या काळी श्रीलिपीसारख्या साधनांतील अक्षरमुद्रा वापरीत. कागदावर अक्षर सुरेख उमटे. परंतु संगणकाच्या पोटात तेथे मराठी अक्षर नसे, इंग्रजी चिन्हांवर मराठी वेष चढविलेला असे. ती विशिष्ट अक्षरमुद्रा नसलेल्या यंत्रावर तोच मजकूर उघडला की नुसता चिन्हांचा कचरा दिसे. यावर उपाय म्हणून युनिकोड नावाची जागतिक पद्धती आली. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि तीत देवनागरीला स्थान मिळाले. या पद्धतीत ‘क’ला जगभर एकच क्रमांक आहे, मग तो शिरूरला लिहा की सिडनीला वाचा.

या पद्धतीने मराठीची एक नाजूक गरजही भागविली. ‘आचार्यांना’ बोलावणे आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावणे यांत किती अंतर आहे, हे लग्नघरातील कोणासही सांगावयास नको! ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतही तोच भेद आहे. आपल्या या ‘ऱ्य’साठी युनिकोडमध्ये नुक्ता असलेला ‘ऱ’ स्वतंत्र क्रमांकाने आहे. जो मजकूर युनिकोडमध्ये लिहिला जातो, तो शोधता येतो, दुसरीकडे उचलता येतो आणि दृष्टी अधू झालेल्या माणसाला यंत्राकडून वाचूनही घेता येतो. अक्षरांचे नुसते चित्र लावले तर यांतील काहीच सहज साधत नाही. म्हणून माझी पहिली सूचना अशी : संकेतस्थळावर जे लिहावयाचे ते युनिकोडमध्ये आणि शुद्ध मराठीत लिहावे, सूचनांच्या फलकांचे फोटो तेथे डकवू नयेत.

टंकलेखन येत नाही ही सबब आता उरलेली नाही. इनस्क्रिप्ट नावाच्या कळफलकात स्वर आणि त्यांच्या काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, अशी वर्णमालेला धरून मांडणी आहे. ज्याला बाराखडी येते, त्याला तो थोड्या दिवसांत वश होतो. हेही जमत नसेल तर २०१७ पासून गूगलच्या साधनात मराठीत बोलावे आणि यंत्राने ते लिहावे, अशी सोय झाली आहे. त्यात ऱ्हस्वदीर्घाच्या चुका राहतात. त्या सुधारण्यास आपल्या ज्ञातीत निवृत्त शिक्षकांची वाण नाही.

जुन्या स्मरणिकांचेही उद्धरण करता येईल. त्यांची पाने यंत्राखाली धरून त्यांची चित्रे घ्यावयाची आणि अक्षरे ओळखणाऱ्या साधनाने त्यांचा मजकूर करावयाचा. टेसरॅक्ट नावाचे असे एक विनामूल्य साधन मराठी वाचते. मग कोणीतरी डोळ्यांत तेल घालून तो मजकूर तपासला पाहिजे. त्या पानांत आपल्या वाडवडिलांची मृत्युलेखांतील चरित्रे, वसतिगृहासाठी दिलेल्या देणग्या आणि पहिल्या पदवीधर मुलींचे सत्कार आहेत. वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडण्यापूर्वी ते सारे वाचविणे हे या संकेतस्थळाचे मोठे कार्य ठरेल.

आता घराच्या बांधणीविषयी. आपले बहुतेक सभासद संकेतस्थळ पाहतील ते मोबाइलवर. एकच पान लहान पडद्यावर व मोठ्या पडद्यावर आपोआप जुळवून घेईल, अशी रचना ईथन मार्कोट या अमेरिकन रचनाकाराने २०१० साली मांडली आणि आज ती सर्वमान्य झाली आहे. ती आपण मागून घ्यावी. त्याचबरोबर पाने हलकी असावीत. आरंभीच फिरणारी चित्रे, संगीत आणि नाचणारी अक्षरे घातली की पान जड होते. पुण्यात ते झटकन उघडेल; परंतु डोंगराआडच्या वस्तीवर जेथे मोबाइलला नीट रेंज नसते, तेथे बिचारा सभासद वाट पाहून कंटाळून जाईल. अक्षर मोठे असावे, पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळे असावे. पिवळ्यावर पांढरे असू नये. ज्यांच्या आश्रयाने मंडळ उभे राहिले, त्या वृद्धांना चष्मा लावूनही वाचता येऊ नये, असे संकेतस्थळ काय कामाचे?

यापुढचा प्रश्न असा की, या घरात ठेवावयाचे काय? येथे मला आपल्या जुन्या वाड्यांची रचना आठवते. वाड्याला पुढे ओसरी असे आणि आत माजघर. ओसरीवर वाटसरूही बसे, पाणी पिई, चार गोष्टी विचारी. माजघरात मात्र घरचे माणूसच जाई. आपल्या संकेतस्थळाचीही अशीच दोन दालने असावीत.

ओसरीवर सर्वांच्या उपयोगाचे असावे. विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांची माहिती तेथे असावी. शासनाच्या शिष्यवृत्तींचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावे लागतात आणि मुदत टळली की हुशार मुलाचे वर्ष हातचे जाते. कोणते दाखले लागतात, ते कोठे मिळतात, हे सोप्या मराठीत क्रमवार लिहावे. प्रत्येक सूचनेवर तारीख आणि वर्ष घालावे. ‘येत्या सोमवारपर्यंत’ असे लिहिलेली सूचना दोन वर्षांनी वाचणाऱ्याचा घात करते. आणि मूळ सरकारी पानाचा दुवा अवश्य द्यावा, म्हणजे आपण चुकलो तरी वाचणारा चुकणार नाही.

शेतकरी सभासदांसाठी सातबाऱ्याची माहिती असावी. पूर्वी उताऱ्यासाठी चावडीत खेपा घालाव्या लागत. आता महसूल विभागाच्या संकेतस्थळावरून पंधरा रुपयांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो. त्यावरील क्रमांकाने तो खरा की खोटा हे पडताळता येते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला आपल्या पिकाची नोंद मोबाइलवरून स्वतः करता येते. २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये गुणपत्रके आणि वाहनाचा परवाना ठेवता येतो. ही साधने ठाऊक नसल्यामुळे आपली माणसे प्रत्येक कागदासाठी मध्यस्थाला पैसे मोजतात. मंडळाने दर महिन्याला एक साधन निवडून ते कसे वापरावे हे लिहिले, तर वर्षाकाठी बारा साधनांशी सभासदांची ओळख होईल. ही माहिती ज्ञातीबाहेरच्या शेजाऱ्याने वाचली तर तोही आपल्याला दुवाच देईल. ओसरी असते ती याचसाठी.

आता ज्या मुद्द्यासाठी मी आज मुख्यतः उभा आहे, तो मांडतो. कार्यकारी मंडळापुढे अशी सूचना आली आहे की, आपली कुटुंब-निर्देशिका, म्हणजे प्रत्येक घरातील माणसांची नावे, जन्मतारखा, दूरध्वनी आणि नोकरीची ठिकाणे, तसेच उपवर मुलामुलींच्या टिपणांची यादी छायाचित्रांसह संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली ठेवावी. सूचना करणाऱ्यांचा हेतू शुद्ध आहे. स्थळे जुळावीत, पुण्यामुंबईत गेलेल्या आणि परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांचा संबंध तुटू नये, ही तळमळ मला मान्य आहे. तरीही मी या सूचनेस नम्रपणे परंतु ठामपणे विरोध करतो.

आपण विचाराल की, छापील निर्देशिका तर आजही घरोघरी आहे; मग खुली ठेवण्यात नवीन ते काय? अंतर फार मोठे आहे. छापील पुस्तक आपल्याच चारपाचशे घरांच्या फडताळात असते. ते मिळविण्यासाठी चोराला आपल्या दारी यावे लागेल, आणि मिळाले तरी एकेक नाव वाचीत बसावे लागेल. खुल्या महाजालावर मात्र यंत्रे रात्रंदिवस पाने वाचीत हिंडत असतात. त्यांना ‘येथे वाचू नये’ अशी पाटी लावता येते. परंतु ती पाळणे हे त्यांच्या सौजन्यावर अवलंबून आहे. एकदा उचलली गेलेली यादी परत मागता येत नाही. आपण आपल्या पानावरून ती पुसली, तरी कोठे कोठे तिच्या नकला राहिल्या हे कोणी सांगू शकत नाही.

त्या यादीचे पुढे काय होते ते ऐका. समजा, घरात एकट्या असलेल्या एखाद्या आजीबाईंना दूरध्वनी आला. पलीकडचा माणूस त्यांच्या दिवंगत यजमानांचे नाव घेतो, मुलगा कोणत्या गावी नोकरीस आहे ते सांगतो, नातवाची जन्मतारीखही सांगतो. इतके ठाऊक असलेला माणूस परका कसा म्हणावा? तो म्हणतो, मुलाला अपघात झाला आहे, ताबडतोब पैसे पाठवा. किंवा, बँकेतून बोलतो आहे, आलेला आकडा सांगा. आजीबाई सांगतात, आणि जन्माची पुंजी जाते. त्या भामट्याला आजीबाईंचा विश्वास कोणी मिळवून दिला? आपणच, निर्देशिका खुली ठेवून! हल्ली यंत्राच्या साहाय्याने माणसाच्या आवाजाचीही नक्कल करता येते, हे ध्यानात घेतले म्हणजे या संकटाची खोली कळेल.

येथेच भगिनींना दोन गोष्टी सांगून ठेवतो. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीत पिन लागतो तो पैसे देताना. घेताना तो कधीही लागत नाही. ‘पैसे मिळण्यासाठी पिन टाका’ असे जो सांगतो, तो भामटा समजावा. आणि फसवणूक झालीच, तर लाजेपोटी गप्प न राहता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितका पैसा दूर जातो.

उपवर मुलींच्या टिपणांविषयी मला अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. मुलीचे छायाचित्र, उंची, वर्ण, शिक्षण, वडिलांचा पत्ता, हे सारे चव्हाट्यावर मांडण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? वडिलांनी अर्ज भरला म्हणून मुलीची संमती झाली, असे आपण आजवर गृहीत धरीत आलो. माझ्या वर्गात मी मुलींना शिकविले, त्या आज डॉक्टर आहेत, अधिकारी आहेत. आपले छायाचित्र कोठे लागावे आणि कोठे लागू नये, एवढेही ठरविण्याची मुभा त्यांना नसेल, तर आपण त्यांना शिकवून काय मिळविले? लग्न ठरल्यावर किंवा मन बदलल्यावर तिचे टिपण त्याच दिवशी उतरविले गेले पाहिजे. विवाहित स्त्रीचे जुने टिपण चार वर्षांनी सासरच्या कोणाच्या हाती लागावे, हे आपल्यापैकी कोणाच्या घरी रुचेल?

देशाचा कायदाही आता हेच सांगतो. संसदेने २०२३ साली व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने करण्याचे ठरले आहे. माहिती कशासाठी घेतली हे स्पष्ट सांगावे, मोकळ्या मनाने दिलेली संमती घ्यावी, ती परत घेण्याची सोय ठेवावी आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती असावी, असा त्याचा आशय आहे. कायदा नसता तरी घरंदाज माणसाने हेच केले असते.

मग निर्देशिका ठेवूच नये काय? अवश्य ठेवावी, पण माजघरात. प्रत्येक सभासदाला त्याचा स्वतंत्र परवलीचा शब्द असावा. साऱ्या ज्ञातीचा मिळून एकच शब्द ठेवला, तर तो आठ दिवसांत बाजारात पोहोचेल. निर्देशिकेत नाव, गाव आणि ज्याने लेखी मान्यता दिली त्याचाच दूरध्वनी असावा. जन्मतारीख नसावी. उपवरांची टिपणे स्वतः मुलाच्या किंवा मुलीच्या सहीनेच घ्यावीत, त्यांत घरचा पत्ता नसावा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारून ठेवावीत किंवा काढावीत. संकेतस्थळाचा पत्ता ‘एचटीटीपीएस’ या अक्षरांनी सुरू होणारा असावा. त्यामुळे वाचणारा आणि घर यांच्यामधील टपाल सीलबंद राहते. २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून त्यासाठीचे प्रमाणपत्र विनामूल्य मिळते. मात्र पाकीट सीलबंद आहे एवढ्यावरून पाठविणारा सज्जन ठरत नाही, हेही विसरू नये.

आता काळाच्या नव्या लाटेविषयी थोडे. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी नावाचे यंत्र लोकांपुढे आले आणि तेव्हापासून लिहिणाऱ्या, भाषांतर करणाऱ्या, इतकेच नव्हे तर संकेतस्थळ बांधून देणाऱ्या यंत्रांची रीघ लागली आहे. माझा विद्यार्थी म्हणतो की, जे बांधकाम करण्यास त्याला आठवडा लागे, त्याचा कच्चा सांगाडा आता तासाभरात उभा राहतो. या यंत्राला शत्रू मानू नये. सरकारी परिपत्रक सोपे करून घ्यावे, इंग्रजी अर्जाचे मराठी करून घ्यावे, यासाठी तो उत्तम कारकून आहे. परंतु हा कारकून ‘मला माहीत नाही’ असे म्हणावयास सहसा धजत नाही. गावाच्या किंवा ज्ञातीच्या इतिहासासारख्या विषयावर, जेथे त्याला वाचावयास फारसे मिळालेले नसते, तेथे तो गोड भाषेत खोटेही सांगून मोकळा होतो. म्हणून त्याचे लिखाण कोणा जाणत्याने वाचून सही केल्याशिवाय मंडळाच्या नावाने प्रसिद्ध होऊ नये.

या यंत्रांना जे ज्ञान आहे, ते माणसांनी आजवर लिहून ठेवलेल्या मजकुरातून आलेले आहे. इंग्रजीत सागर आहे. मराठीत विहीर आहे. ती विहीर आपणच खोल केली पाहिजे. थोरांनी वाट घालून दिली आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, तो मराठी विश्वकोश आज महाजालावर विनामूल्य वाचता येतो. मोल्सवर्थचा १८५७ सालच्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोश शिकागो विद्यापीठाने खुला केला आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, सुरू झाला आणि त्यात तुम्हीआम्हीही लिहू शकतो.

मग आपल्या परिसराचे काय लिहिले गेले आहे? शासनाच्या २०१८ सालच्या विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्काराचे मानकरी, दिवंगत लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकर हे याच कवठे येमाईचे. त्यांची गाणी आणि वगनाट्ये तमाशाच्या फडांनी गावोगावच्या यात्रांत नेली. ते ज्यांनी पाहिले-ऐकले, ती माणसे या सभेत बसली आहेत. येमाईच्या यात्रेच्या रूढी, कुकडीच्या पात्रातील रांजणखळग्यांच्या लोककथा, जात्यावरच्या ओव्या, जिराईत पिकांची जुनी नावे, हे सारे ज्यांच्या मुखी आहे, त्यांच्यापाशी नातवंडांनी मोबाइल घेऊन बसावे, त्यांच्या परवानगीने आवाज मुद्रित करावा आणि शुद्ध लिहून ओसरीवर मांडावे. सांगणाऱ्याचे नाव व तारीख अवश्य घालावी. हे काम कोणतेही यंत्र आपल्यासाठी करणार नाही, आणि दहा वर्षांनी आपणही करू शकणार नाही. कारण सांगणारेच नसतील.

शेवटी व्यवस्थेविषयी. घर बांधणे सोपे, नांदते ठेवणे कठीण. मी कार्यकारी मंडळास पाच सूचना सादर करतो. पहिली, तिघांची एक संकेतस्थळ-समिती असावी. तीत एक तरी भगिनी आणि एक तरी पंचविशीच्या आतील सभासद असावा. दुसरी, पत्त्याचे व जागेचे वार्षिक भाडे अंदाजपत्रकात स्वतंत्र दाखवावे आणि मुदतीची तारीख इतिवृत्तात नोंदवावी. तिसरी, साऱ्या दप्तराच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक गावाबाहेर असावी. ओसरीवरील पाने अमेरिकेतील इंटरनेट आर्काइव्ह या, १९९६ साली स्थापन झालेल्या ग्रंथागारातही विनामूल्य जतन करता येतात. चौथी, निर्देशिका व टिपणे माजघरातच राहतील, असा ठराव सर्वसाधारण सभेने आजच करावा, म्हणजे पुढच्या उत्साही कार्यकारी मंडळास तो सहजासहजी मोडता येणार नाही. पाचवी, छापील स्मरणिका बंद करू नये. वीज गेली, भाडे थकले, कंपनी मिटली, तरी कागद बोलतो.

सज्जनहो, वाडवडिलांनी वर्गणी गोळा करून मंडळ काढले, ते मुले शिकावीत आणि अडल्या माणसाला हात मिळावा म्हणून. संकेतस्थळ हे त्याच कार्याचे नवे साधन आहे. ते बांधताना ओसरी ऐसपैस ठेवू या आणि माजघराचे दार सांभाळू या, एवढीच माझी विनंती आहे.  चौथ्या सूचनेचा ठराव मी लेखी स्वरूपात अध्यक्षांच्या स्वाधीन करतो आणि आपली रजा घेतो.